अपूर्णांक, दशांश आणि टक्के एकाच ठोकळ्यावर: एका गणित-संचाचे परीक्षण

३/८, ०.३७५ आणि ३७.५ टक्के ही तीन वेगवेगळी उत्तरे नसून एकच राशी तीन प्रकारे लिहिलेली आहे, हे विद्यार्थ्याला सांगायला एक वाक्य पुरते. पण ते त्याला मनापासून पटावे यासाठी बराच काळ आणि बरीच साधने खर्ची पडतात. याच कामासाठी तयार केलेला, एकमेकांत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या ५१ ठोकळ्यांचा एक संच मी गणित शिकवताना नियमितपणे वापरतो. असे संच एकाहून अधिक उत्पादक बनवतात आणि त्यांची मूळ कल्पना सारखीच असते; म्हणून उत्पादकाच्या नावापेक्षा संचाची रचना, तिच्यामागचा गणिती विचार आणि त्या विचारात राहिलेली एक गंभीर उणीव यांविषयी सविस्तर लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. माझे मत आधीच नोंदवतो: संच घेण्याजोगा आहे, परंतु त्यावर छापलेल्या प्रत्येक आकड्यावर विश्वास ठेवण्याजोगा नाही.

संचात एक अखंड ठोकळा आहे आणि त्याच उंचीचे मनोरे होतील असे दोन अर्धे, तीन एकतृतीयांश, चार पाव, पाच एकपंचमांश, सहा एकषष्ठांश, आठ एकअष्टमांश, दहा एकदशांश आणि बारा एकद्वादशांश ठोकळे आहेत. प्रत्येक गटाचा रंग वेगळा आहे. प्रत्येक ठोकळ्याला चार उभ्या बाजू आहेत. पहिल्या बाजूवर व्यवहारी अपूर्णांक, दुसरीवर दशांश अपूर्णांक आणि तिसरीवर टक्केवारी छापलेली आहे, तर चौथी बाजू कोरी ठेवलेली आहे. या कोऱ्या बाजूचा उल्लेख माहितीपुस्तिकेत जेमतेम येतो. माझ्या दृष्टीने मात्र संचाची खरी ताकद तिच्यातच आहे, आणि त्याविषयी पुढे लिहिले आहे.

संचाचा सर्वांत मोठा गुण असा, की रूपांतर ही येथे आकडेमोड म्हणून समोर येत नाही. पाव लिहिलेला ठोकळा हातात फिरवला की ०.२५ दिसतो, आणखी फिरवला की २५ टक्के दिसतात. ठोकळा तोच राहतो, त्याची लांबी तीच राहते, बदलते ते केवळ लेखन. कागदावर रूपांतर शिकताना विद्यार्थी १/४ लिहितो, बरोबरचे चिन्ह काढतो आणि उजवीकडे काहीतरी नवे तयार करायचे आहे अशा समजुतीने पुढे जातो; त्यातूनच १/४ म्हणजे १.४ किंवा ०.१४ अशी उत्तरे येतात, कारण त्याने अंश आणि छेद हे दोन सुटे आकडे मानलेले असतात आणि दशांश चिन्हाला त्यांच्यामधली रेघ समजलेले असते. ज्याच्या हातात पावाचा ठोकळा आहे त्याला १.४ हे उत्तर टिकणारे नाही हे आपोआप दिसते, कारण अखंड ठोकळ्यापेक्षा लहान असलेली वस्तू एकापेक्षा मोठी असू शकत नाही. उत्तर काढण्याआधी त्याचा अंदाज बांधण्याची सवय लावणारे साधन मी नेहमीच मोलाचे मानतो, आणि या बाबतीत हा संच निःसंशय यशस्वी ठरतो.

दशांशांची तुलना करतानाही त्याचा असाच उपयोग होतो. ०.२५ हा ०.३ पेक्षा मोठा, कारण २५ हे ३ पेक्षा मोठे, ही चूक फार खोलवर रुजलेली असते आणि स्थानिक किंमतीचा नियम पुन्हा पुन्हा सांगूनही ती सहज जात नाही. एकदशांशाचे तीन ठोकळे जोडून पावाच्या ठोकळ्याशेजारी उभे केले की दशांशांचा मनोरा उंच भरतो, आणि मग ०.३ म्हणजे ०.३० म्हणजेच ३० शतांश, हे स्पष्टीकरण ऐकण्याची विद्यार्थ्याची तयारी झालेली असते. त्याचप्रमाणे ०.७ म्हणजे ७ टक्के अशी समजूत असलेल्याला सात एकदशांशांचा मनोरा अर्ध्याच्या ठोकळ्यापेक्षा उंच असल्याचे दाखवले, की तो स्वतःच ७ टक्क्यांचे उत्तर मागे घेतो.

छापील आकडे फक्त एकक अपूर्णांकांचे, म्हणजे ज्यांचा अंश १ आहे त्यांचेच आहेत. काहींना ही मर्यादा वाटेल. मला ती योग्य निवड वाटते. ३/८ चा दशांश कोठेही छापलेला नसल्यामुळे विद्यार्थ्याला एकअष्टमांशाचे तीन ठोकळे घेऊन ०.१२५ तीनदा मिळवावे लागतात, त्याच ठोकळ्यांच्या तिसऱ्या बाजूवरून १२.५ ची तिप्पट करावी लागते, आणि ०.३७५ व ३७.५ टक्के या दोन उत्तरांचा मेळ घालावा लागतो. त्यानंतर ३/८ आणि २/५ यांत मोठा कोणता, असा प्रश्न विचारावा. अखंड ठोकळ्याची उंची २४ सेंटिमीटर मानली, तर या दोन मनोऱ्यांतील फरक केवळ ६ मिलिमीटर भरतो, कारण दोन्हींतील अंतर १/४० आहे. डोळ्यांनी तो फरक जेमतेम जाणवतो, दशांशात ०.३७५ आणि ०.४००, तर टक्क्यांत ३७.५ आणि ४० असे लिहिताच तो निर्विवाद होतो. एकाच राशीची तीन रूपे हवीतच कशाला, या प्रश्नाचे उत्तर अशा उदाहरणातून मिळते. व्यवहारी अपूर्णांक वाटणी कशी झाली ते सांगतो, आणि दशांश व टक्के तुलनेसाठी सर्वांना समान छेद पुरवतात.

आता उणिवेकडे वळतो. या संचात दशांश बाजूवर जास्तीत जास्त तीन दशांश स्थळे आणि टक्क्यांच्या बाजूवर जास्तीत जास्त एक दशांश स्थळ छापलेले आहे. अर्धा, पाव, एकपंचमांश, एकअष्टमांश आणि एकदशांश यांना तेवढी जागा पुरेशी आहे, ०.१२५ आणि १२.५ टक्के ही अचूक रूपे आहेत. परंतु एकतृतीयांशावर ०.३३३ आणि ३३.३ टक्के, एकषष्ठांशावर ०.१६७ आणि १६.७ टक्के, तसेच एकद्वादशांशावर ०.०८३ आणि ८.३ टक्के असे छापलेले आहे, आणि हे आकडे आसन्न, म्हणजे अचूक नसून जवळपासचे आहेत याची कोणतीही खूण ठोकळ्यावर नाही. आकड्यांनंतर तीन टिंबे नाहीत, आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा येत राहणाऱ्या अंकावर रेघ नाही, टक्क्यांच्या बाजूवर ३३ १/३ असा पूर्णांकयुक्त अपूर्णांकही नाही. अपुऱ्या जागेची सबब येथे पटण्यासारखी नाही, कारण ०.३ लिहून ३ वर रेघ काढायला ०.३३३ पेक्षा कमीच जागा लागते.

ही बाब किरकोळ वाटू शकते, परंतु संच ज्या पायावर उभा आहे त्यालाच ती धक्का देते. तीन एकतृतीयांश जोडले की मनोरा अखंड ठोकळ्याइतकाच उंच होतो, मात्र दशांश बाजूंची बेरीज ०.९९९ येते. सहा एकषष्ठांश जोडल्यावर बेरीज १.००२ होते, आणि बारा एकद्वादशांशांची ०.९९६. म्हणजे समान उंचीचे तीन मनोरे तीन वेगवेगळ्या संख्या सांगतात, आणि त्यांतली एकही १ नसते. तीन एकद्वादशांश पावाइतकेच उंच असतात, पण त्यांच्यावरची बेरीज ०.२४९ भरते, तीन एकषष्ठांश अर्ध्याइतकेच असतात, पण बेरीज ०.५०१ भरते. याउलट एकतृतीयांश आणि एकषष्ठांश एकत्र जोडले तर ०.३३३ आणि ०.१६७ यांची बेरीज नेमकी ०.५०० येते, कारण एका आकड्यातली घट दुसऱ्यातल्या वाढीने योगायोगाने भरून निघते. कधी जुळणारी आणि कधी न जुळणारी ही आकडेवारी विद्यार्थ्याला दोनपैकी एका चुकीच्या निष्कर्षाकडे नेते. एक तर १/३ आणि ०.३३३ खरोखर समान आहेत असे तो मानतो, किंवा दशांश रूप हे मुळातच ढोबळ असते आणि त्यात थोडाफार फरक चालायचाच असे तो मानतो. पहिली समजूत पुढे बीजगणितात त्रास देते, आणि दुसरी तर ०.१२५ सारख्या पूर्णपणे अचूक रूपावरही अन्याय करते.

या चुकीची नेमकी मोजदाद करता येते, आणि ती करून पाहणे हा फार चांगला पाठ ठरतो. त्यासाठी संचाबाहेरची एक वस्तू लागते: १० गुणिले १० चौकटींचा, म्हणजे १०० घरांचा कागद. हे १०० घर तीन जणांत वाटावेत; प्रत्येकाला ३३ मिळतात आणि १ उरतो. उरलेल्या घराच्या दहा समान पट्ट्या कराव्यात. प्रत्येक पट्टी म्हणजे संपूर्ण चौकटीचा एक सहस्रांश. प्रत्येकाला ३ पट्ट्या मिळतात आणि पुन्हा १ उरते. ०.९९९ मध्ये कमी पडलेला ०.००१ म्हणजे नेमकी हीच न वाटलेली पट्टी. सहा जणांत वाटताना प्रत्येकाला १६ घरे मिळून ४ उरतात. त्यांच्या ४० पट्ट्यांपैकी प्रत्येकी ६ जातात आणि ४ शिल्लक राहतात. सहा जणांसाठी ४ पट्ट्या म्हणजे प्रत्येकी अर्ध्याहून अधिक, म्हणून छापणाऱ्याने १६.६ ऐवजी १६.७ केले आणि नसलेल्या २ पट्ट्या वाटून टाकल्या, १.००२ मधले जादा ०.००२ तेच. बारा जणांत वाटताना प्रत्येकी ८ घरे आणि ३ पट्ट्या जाऊन ४ पट्ट्या उरतात. प्रत्येकाच्या वाट्याला एकतृतीयांशच पट्टी येत असल्यामुळे ती सोडून देण्यात आली, आणि बेरीज ०.००४ ने कमी पडली. प्रत्येक तफावतीचा हिशोब बाकीपर्यंत नेऊन लावता येतो, हे कळल्यावर विद्यार्थ्याच्या मनात दशांशाविषयी संशय उरत नाही.

याच वाटणीतून आवर्तनाचे कारणही कळते. तिघांच्या वाटणीत प्रत्येक टप्प्यावर १ उरतो. पुढच्या टप्प्यावर परिस्थिती मागच्यासारखीच असते, म्हणून भागाकारात ३ हाच अंक पुन्हा पुन्हा येत राहतो. संचात ७ चा गट नाही, याचे मला वाईट वाटते, कारण १ ला ७ ने भागताना ३, २, ६, ४, ५, १ अशा बाक्या येतात, १ परत आल्यावर चक्र पुन्हा सुरू होते, आणि ०.१४२८५७ या सहा अंकांचा गट अखंड आवर्ती होतो. ७ ने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या शक्य असतात, त्यामुळे सहाहून मोठा आवर्ती गट मिळणारच नाही. हा विचार इयत्तेच्या मानाने मोठा असला, तरी पूर्ण भागाकार मांडून पाहणाऱ्याला तो समजतो. कोणते दशांश खंडित होतील हेही येथेच सांगून टाकावे. अपूर्णांकाला अतिसंक्षिप्त रूप दिल्यानंतर छेदात २ आणि ५ याखेरीज दुसरा मूळ अवयव नसेल, तरच दशांश रूप संपते, कारण १०, १००, १००० यांचे मूळ अवयव २ आणि ५ हेच आहेत. ८ चे अवयव तीन वेळा २, म्हणून १००० ला ८ ने पूर्ण भाग जातो आणि १/८ म्हणजे १२५/१०००. १२ मध्ये ३ हा अवयव आहे, म्हणून १/१२ संपत नाही. मात्र ३/१२ संपतो, कारण तो मुळात १/४ आहे. शेवटच्या उदाहरणासाठी ठोकळे उत्तम कामी येतात, पण वर सांगितल्याप्रमाणे छापील ०.२४९ डोळ्यांआड ठेवूनच.

सोबतच्या पुस्तिकेविषयी थोडक्यात. तिच्यात दशांशावरून टक्के काढण्यासाठी दशांश चिन्ह दोन स्थळे उजवीकडे न्यावे, एवढाच नियम दिला आहे. नियम बरोबर आहे, पण १०० टक्के म्हणजेच १ आणि त्यामुळे १०० टक्क्यांनी गुणल्याने राशी बदलत नाही, हे कारण दिलेले नाही. कारणाशिवाय शिकलेला हा नियम ०.५ टक्क्यांसारखे उदाहरण समोर आले की मोडून पडतो. विद्यार्थी ते अर्धे समजतो, वास्तविक ते ०.००५, म्हणजे १/२०० असते. उलट दिशेच्या रूपांतराला पुस्तिकेत जवळपास स्थानच नाही. ०.३५ म्हणजे ३५/१०० आणि ५ ने संक्षेप देऊन ७/२०, इतके तरी हवे होते. मोठ्या विद्यार्थ्यांसाठी आवर्ती दशांशावरून अपूर्णांकाकडे जाण्याची रीतही देता आली असती: क्ष = ०.१६६६… मानावे, १० क्ष = १.६६६… आणि १०० क्ष = १६.६६६… लिहावे, वजाबाकीने ९० क्ष = १५ मिळते, म्हणजे क्ष = १/६. जो ठोकळा ०.१६७ म्हणून मिरवतो त्याची खरी ओळख या चार ओळींत पटते, आणि ०.१६७ म्हणजे १६७/१०००, जे १/६ पेक्षा किंचित मोठे आहे, हेही सिद्ध होते.

आता त्या कोऱ्या बाजूकडे येऊ. टक्केवारी नेहमी कशाची तरी असते, आणि हे ‘कशाचे’ बदलले की आकडा बदलतो. छापील बाजूंवर मात्र पूर्ण म्हणजे नेहमी अखंड ठोकळाच. पावाचा ठोकळा कायम २५ टक्केच सांगतो. अर्ध्याचा ठोकळा हाच पूर्ण मानला, तर त्याच पावाच्या ठोकळ्याचे ५० टक्के होतात, आणि एकषष्ठांश ठोकळा एकतृतीयांश होतो. असा प्रश्न विचारताना ठोकळ्यांची कोरी बाजू समोर ठेवावी, म्हणजे छापील उत्तर आड येत नाही आणि विद्यार्थ्याला लांबींचे गुणोत्तर पाहावे लागते. वाढ आणि घट यांचा पाठ मी याच पद्धतीने घेतो. चार पावांच्या मनोऱ्यात आणखी एका पावाची भर घातली, तर वाढ २५ टक्के होते आणि राशी सव्वापट, म्हणजे ५/४ किंवा १२५ टक्के होते; पूर्वस्थितीला येण्यासाठी तोच पाव काढायचा असतो, पण आता पूर्ण म्हणजे पाच पाव असल्यामुळे ही घट २० टक्के असते. ५/४ गुणिले ४/५ म्हणजे १, हे अपूर्णांकात एका ओळीत लिहिता येते. २५ टक्के वाढवून २५ टक्केच कमी केले, तर ५/४ गुणिले ३/४ म्हणजे १५/१६, अर्थात ९३.७५ टक्के उरतात. टक्क्यांच्या भाषेत अनाकलनीय वाटणारा हा प्रकार व्यवहारी अपूर्णांकात स्वच्छ होतो, आणि टक्के हे अपूर्णांकांपेक्षा प्रगत रूप आहे असा जो समज असतो तो येथे गळून पडतो. पाचवा पाव मात्र संचात नाही, कारण प्रत्येक गटात नेमके एकच पूर्ण भरेल एवढेच ठोकळे आहेत. त्याऐवजी दोन एकअष्टमांश किंवा तीन एकद्वादशांश जोडावे लागतात. एकापेक्षा मोठ्या राशींसाठी दोन संच असणे सोयीचे ठरते.

बनावटीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ठोकळे मजबूत आहेत, कडा बोचत नाहीत. ते पूर्ण दाबून बसवले नाहीत तर प्रत्येक जोडात बारीक फट राहते, आणि अकरा जोड असलेला द्वादशांशांचा मनोरा अखंड ठोकळ्यापेक्षा उंच दिसू लागतो. उंचीवरच सारा युक्तिवाद आधारलेला असल्याने तुलना करण्यापूर्वी मनोरा टेबलावर उभा ठेवून वरून दाबावा. रंगांमध्ये दोन जोड्या एकमेकींच्या फार जवळच्या आहेत, आणि ज्यांना रंगांतील भेद कमी जाणवतो त्यांना प्रत्येक वेळी छापील आकडा वाचावा लागतो. लहान ठोकळ्यांवरील टक्क्यांचा टंक बारीक आहे.

ज्यांना अजून भागाकार येत नाही त्यांच्यासाठी सुरुवातीला फक्त अपूर्णांकाची बाजू वापरावी. सममूल्य अपूर्णांक शिकवायला तेवढी पुरेशी आहे. दशांशाची बाजू एकदशांशाच्या गटापासून उघडावी, नंतर पंचमांश, अर्धे, पाव आणि अष्टमांश घ्यावेत, आणि तृतीयांशाचा गट विद्यार्थी १ ला ३ ने स्वतः भागून पाहीपर्यंत मागे ठेवावा. गणकयंत्र असताना या सगळ्याची गरज काय, असे विचारले जाते. गणकयंत्रावर २ भागिले ३ केले की अनेकदा शेवटचा अंक ७ असलेली सहांची रांग दिसते. तो ७ कोठून आला हे ज्याला सांगता येत नाही, त्याने रूपांतर केलेले नसून केवळ उत्तर उतरवून घेतलेले असते.

संच घेतल्यावर एक काम आधी करावे. तृतीयांश, षष्ठांश आणि द्वादशांश मिळून २१ ठोकळ्यांवरचे दशांश आणि टक्के आसन्न आहेत. ५१ पैकी २१, म्हणजे ७/१७. (या अपूर्णांकाचा आवर्ती गट तब्बल १६ अंकांचा आहे, उत्साही विद्यार्थ्याला तो हातानेच काढायला द्यावा.) त्या २१ ठोकळ्यांवर न पुसल्या जाणाऱ्या बारीक टोकाच्या पेनने दुरुस्ती करावी: एकतृतीयांशावर ०.३३३ नंतर तीन टिंबे आणि ३३ १/३ टक्के, एकषष्ठांशावर ०.१६६… आणि १६ २/३ टक्के, एकद्वादशांशावर ०.०८३ नंतर तीन टिंबे आणि ८ १/३ टक्के. ही दुरुस्ती शिक्षकाने करून देण्यापेक्षा विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी, आणि प्रत्येक आकडा लिहिण्यापूर्वी त्याचा भागाकार वहीत मांडलेला असावा. उत्पादकांनी पुढच्या आवृत्तीत हीच रूपे छापली, तर हा संच मी कोणतीही अट न घालता सुचवीन.